दाताचा डिजिटल फोटो काढला आईचा, पण तो आहे कोणाचा?

गिरणाकाठ
मंडळी, जरा मदत हवी आहे.

आईची वरची डावीकडची मोठी दाढ. दोन वर्षांपूर्वी नस काढून कॅप बसवलेली. दिवाळीपासून परत ठणका. बट्टी चावली की डोळ्यांत पाणी. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नेलं. त्यांनी वायर लावलेली एक चपटी काळी वडी तोंडात ठेवली, गालाशी नळकांडं आणलं, टीं वाजलं आणि समोरच्या स्क्रीनवर आईची दाढ हजर. मला तर जादूच वाटली. मग म्हणे टोक कापलं गेलं, परत. मग म्हणे मावशी हलल्या, परत. असे तीन झाले. पावतीवर 'आरव्हीजी, नग ३, रु. ६००'. आरव्हीजी म्हणजे दाताचा हाच डिजिटल एक्स-रे. निष्कर्ष काय, तर दाढ काढा आणि स्क्रू मारून नवीन बसवा. आकडा ऐकून आई म्हणाली, "त्यापेक्षा मी एका बाजूने चावेन."

जळगावला दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आधीचे फोटो आणा, उगाच परत कशाला काढायचे. मी परत पहिल्या ठिकाणी. काउंटरवरून उत्तर: "ते आमच्या कंप्युटरमध्ये असतात, पेशंटला देत नाही. फिल्म होती तेव्हा द्यायचो."

आता सांगा, एका दाढेला तीन फोटो म्हणजे जास्त की बरोबर? डिजिटलमध्ये रेडिएशन खरंच कमी असतं की ते बोलायचं? आणि सहाशे रुपये मोजून काढलेला फोटो नक्की कोणाचा?

केळीवाला_रावेर
फोटो काढणाऱ्याचा. लग्नातले अल्बम पण फोटोग्राफरकडेच अडकतात ना भो, उरलेले पैसे दिल्याशिवाय सुटत नाहीत. हलके घ्या.

धुळेकर_पुण्यात
सरळ सांगतो, हा धंदा आहे. आधी फिल्मचा खर्च यायचा म्हणून डॉक्टर जपून काढायचे. आता वडी एकदाच घेतली की पुढचा प्रत्येक फोटो फुकट. मग काढा तीन, काढा पाच. पुण्यात तर मी नुसता दात साफ करायला गेलो तर खुर्चीवर बसायच्या आधी 'पूर्ण तोंडाचा' काढला.

खापरावरची
तीन काही फार नाहीत. माझ्या रूट कॅनालला चार काढले होते. पण मला प्रत्येक वेळी स्क्रीनवर दाखवून सांगितलं, हे बघा ताई इथपर्यंत सुई गेली, अजून एवढं बाकी. त्यामुळे राग नाही आला. राग येतो तो न सांगता केल्याचा.

बत्तीशी
मी स्वतः दंतवैद्य, चोपड्याकडे चौदा वर्षं प्रॅक्टिस. त्यामुळे माझं मत एका बाजूचं समजून वाचा.

रूट कॅनाल करायची असेल तर तीन फोटो सहज लागतात. एक सुरुवातीला, आत काय आहे ते बघायला. दुसरा मधे, नसेच्या नळीत बारीक फाइल घालून, ती मुळाच्या टोकापर्यंत पोचली का ते बघायला. टोकाच्या अर्धा-एक मिलिमीटर अलीकडे थांबायचं असतं. कमी पडलं तर घाण राहते, जास्त गेलं तर टोकाबाहेर जाऊन पेशंट रात्रभर जागा. हल्ली लांबी मोजायला वेगळं यंत्र मिळतं, तरी खात्रीला फोटो लागतोच. तिसरा शेवटी, नळी नीट भरली का ते बघायला. भरलेला मसाला पांढऱ्या रेघेसारखा दिसतो.

पण @गिरणाकाठ, तुमच्या आईंचे तीन या तीन कारणांसाठी नाहीत. एकच फोटो दोनदा बिघडला. टोक कापलं जाणं, हलणं हे होतं, माझ्याकडेही होतं. ती वडी कडक असते, फिल्मसारखी वाकत नाही, वरच्या दाढेला टाळूला टोचते, पेशंटला उमासे येतात. मात्र बिघडलेल्याचे पैसे मी घेत नाही. हे माझं मत, नियम नव्हे.

धुळेकरांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, बरं का. डिजिटलचा एका फोटोचा डोस कमी, पण परत काढणं इतकं सोपं की हात चटकन बटणावर जातो. फिल्म असती तर धुवायला पाच-दहा मिनिटं, म्हणून पहिलाच नीट यावा अशी धडपड असायची. आमच्या शास्त्रातही ही तक्रार मान्य आहे.

डार्करूम
बत्तीशी डॉक्टरांनी फिल्मचं नाव काढलं आणि माझी निवृत्ती मोडली.

भुसावळात एक्स-रे टेक्निशियन होतो. फिल्म धुवायचं पाणी साधारण २० अंशाला हवं, डेव्हलपरमध्ये पाच मिनिटं. आता मे महिन्यातलं भुसावळ आठवा. टाकीतून येणारं पाणीच अंघोळीला नको इतकं गरम. त्या पाण्यात फिल्म टाकली की मिनिटा-दीडमिनिटात काळी ठिक्कर, वर धुकं. आम्ही बर्फाच्या गाडीवाल्याकडून लादी आणायचो, पोत्यात गुंडाळून फोडायची, डेव्हलपरच्या डब्याभोवती घमेल्यात रचायची. बर्फ वितळायच्या आत फिल्मा उरकायच्या. एकदा नवीन पोराने बर्फ थेट डेव्हलपरमध्येच टाकला. म्हणाला, लवकर गार होईल. त्या दिवशीच्या सगळ्या फिल्मा कोऱ्या करकरीत, जणू कोणाला दातच नाहीत.

दाताची फिल्म एवढीशी, पानाच्या तुकड्याएवढी. क्लिपला अडकवून वाळत घालायची. पंखा लावला की धूळ चिकटायची, आणि धुळीचा ठिपका दातावर आला की कीड आहे की धूळ यावर चर्चा. लाल दिव्यात बसून बाहेर आलो की ऊन डोळ्यांत घुसायचं. आणि लोडशेडिंग लागलं की पेशंट तसाच गालावर हात धरून बाकावर.

म्हणून मला डिजिटलचं कौतुक आहे. ती बर्फाची लादी ज्याने उचलली त्यालाच कळेल.

केळीवाला_रावेर
डार्करूम काका, बर्फाचा किस्सा एक नंबर! वेगळा धागा काढा तुम्ही.

तापीकाठची
डोसबद्दल कोणी नीट सांगेल का? माझ्या सासूबाई अजूनही म्हणतात, 'फोटो काढला की केस गळतात.'

बत्तीशी
@तापीकाठची, तोंडात वडी ठेवून काढलेल्या एका डिजिटल फोटोचा डोस साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट धरा (हे किरणांचा डोस मोजायचं माप, हजार मायक्रो म्हणजे एक मिलि). यंत्र आणि जागा बघून थोडा इकडेतिकडे. आता काहीही न करता ओट्यावर बसलेल्या माणसालाही माती, हवा, अन्न, आकाशातून येणारे किरण यांतून वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे दिवसाला सुमारे साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. एक फोटो म्हणजे एक दिवस जगणं, त्याहून थोडं कमीच. केस गळायचं तर नावच नको.

उभं राहून काढतात तो ओपीजी, ज्यात यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि सगळी बत्तीशी एकदम दिसते, त्याचा डोस काही पट जास्त, साधारण १५ ते २५. तीन मितींचा सीबीसीटी मात्र वेगळी गोष्ट. यंत्राप्रमाणे आणि किती भाग घेतला त्याप्रमाणे दहा-वीसपासून काहीशे मायक्रोसिव्हर्टपर्यंत. तो 'काढून ठेवू, असू दे' म्हणून काढायचा नसतो.

आणि जाहिरातीत 'नव्वद टक्के कमी' वगैरे लिहितात ना, ते कशाच्या तुलनेत ते विचारा. जुन्या मंद फिल्मच्या मानाने डिजिटल बरंच कमी. नंतर आलेल्या वेगवान फिल्मच्या मानाने फरक तेवढा डोळे दिपवणारा नाही.

केळीवाला_रावेर
आता माझा विषय आला. केळ्यात पोटॅशियम असतं आणि त्यातलं थोडं किरणोत्सारी असतं. एका केळ्याला ०.१ मायक्रोसिव्हर्ट असा हिशोब लोक लावतात. म्हणजे दाताचा एक फोटो = ५० केळी. आमच्या रावेर-यावलात एवढी केळी तर मजूर तोडता तोडता खातात. गिरणाकाठ, आईंचे तीन फोटो म्हणजे दीडशे केळी, म्हणजे एक मोठा घड. जळगावच्या केळीला जीआय टॅग २०१६ ला मिळाला, आता त्याखाली डोस पण छापा.

बत्तीशी
हाहा. हिशोब गंमतीला ठीक, पण एक दुरुस्ती. शरीर पोटॅशियमचं प्रमाण ठरावीकच ठेवतं, जास्तीचं लघवीवाटे बाहेर. त्यामुळे पन्नास केळी खाल्ल्याने डोस साठत नाही. फक्त पोट बिघडतं.

केळीवाला_रावेर
माझ्या धंद्याला दिलासा दिल्याबद्दल आभारी आहे डॉक्टरसाहेब.

सातपुडा
इथे गंमत चालू आहे, पण एक गंभीर लिहितो. माझा लहान भाऊ, वय ३१, शहाद्याकडचा. कॉलेजपासून गुटखा. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे म्हणतात, पण टपरीवर कधी बंद झाला ते मला दिसलं नाही. दाढ दुखते म्हणून नेला, तर डॉक्टर म्हणाले तोंड उघड. उघडलं तर दोन बोटंही आत जाईनात. ती वडी आत घालायचा चार वेळा प्रयत्न केला, तो कळवळला. शेवटी म्हणाले, याचा आतला फोटो होणार नाही, बाहेरून काढू, आणि नंदुरबारला ओपीजीला पाठवलं.

ओपीजीवर दाढ दिसली, कीड दिसली. पण डॉक्टर दाढेबद्दल पाच मिनिटं बोलले आणि तोंड आकसण्याबद्दल अर्धा तास. आतलं कातडं चामड्यासारखं कडक झालंय, हा आजार पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. आम्ही दात दाखवायला गेलो होतो. घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही.

तापीकाठची
सातपुडा दादा, भावाने सोडलं का?

सातपुडा
चार महिने झाले. मधे एकदा हळदीच्या कार्यक्रमात खाल्ला. परत सोडला. डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्यात, दातांत धरून हळूहळू एकेक वाढवायची. आधी सात मावायच्या, आता अकरा.

डार्करूम
अकरा म्हणजे चांगलंय बेटा. चालू ठेवायला सांगा.

खापरावरची
ओपीजीवरून आठवलं. माझी आत्या, ७२, कवळीसाठी ओपीजी काढायला नेली. मुलगी म्हणाली, आजी, कानातले, नथ, गळ्यातलं सगळं काढा. आत्याच्या कानातले काप लग्नापासून निघालेले नाहीत. फिरकी कातडीत रुतलेली. म्हणाली, "हे मेल्यावरच निघतील." मुलगी बिचारी नवीन, तिने तसाच काढला. फोटो आला तर दोन्ही बाजूंना वरती धुरकट पांढरे डाग. डॉक्टर बघतात, आम्ही बघतो. मग डॉक्टरच हसले. म्हणाले, हे कानातल्यांचं भूत आहे. या यंत्रात डाव्या कानातल्याची सावली उजवीकडे, थोडी वर आणि फिकट पडते. त्याला त्यांच्या भाषेत खरंच भूतच म्हणतात. आत्याने 'भूत' एवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी साबण, खोबरेल तेल, चिमटा असा दीड तास खपून शेजारच्या सोनाराकडून काप काढले आणि परत फोटो काढून आली. आता काप पितळेच्या डबीत. आत्या म्हणते, दात गेले ते गेले, कान पण ओकेबोके झाले.

केळीवाला_रावेर
आत्याला साष्टांग.

मास्तर_पारोळा
अवांतर होतंय, पण मूळ धाग्याशी नातं आहे. आमच्या शाळेत दंत तपासणी शिबिर झालं होतं. एक तरुण मुलगा हातात ड्रिल मशीनसारखं एक्स-रे यंत्र घेऊन आला. भिंतीला होल पाडायला आला की काय असं वाटलं. बॅटरीवर चालणारं. वर्गात मुलं रांगेत, आणि हा एकामागून एक फोटो काढतोय. बाजूला चाळीस मुलं बघायला जमलेली. मी थांबवलं. तो म्हणाला, सर यात काही नसतं. मी म्हणालो, काही नसेल तर फोटो कशाचा निघतोय?

माझं चुकलं का?

बत्तीशी
मास्तर, बरोबर केलंत. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकेका मुलाचा डोस लहान, तो धोका मोठा नाही. पण 'रांगेत सगळ्यांचे' हेच मुळात चूक. आधी तोंड बघायचं, मग ज्याला गरज त्याचाच फोटो. मुलांच्या बाबतीत तर जास्त जपून, वाढतं शरीर असतं. आमच्याकडे तत्त्वच आहे, लागेल तेवढंच.

दुसरं, आपल्याकडे दाताचं साधं एक्स-रे यंत्र वापरायलासुद्धा अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची नोंदणी लागते. १९८३ पासूनचं मंडळ आहे, अर्ज ऑनलाइन ई-लोरा नावाच्या पोर्टलवर होतो. हातात धरायची स्वस्त यंत्रं ऑनलाइन कुठूनही येतात, त्यांतली काही आतून किरण नीट अडवत नाहीत. अमेरिकेच्या एफडीएनेही २०१२ मध्ये अशा मान्यता नसलेल्या यंत्रांबद्दल इशारा दिला होता. पेशंटपेक्षा ते दिवसभर हातात धरणाऱ्या मुलाला धोका जास्त. दवाखान्यात 'तुमचं यंत्र नोंदणीकृत आहे का' विचारलं तर चांगला डॉक्टर रागवत नाही.

डार्करूम
हातात धरण्यावरून एक सांगतो. रॉन्टजेन यांनी किरण शोधले १८९५ च्या नोव्हेंबरात. लगेच १८९६ च्या जानेवारीत जर्मनीत वॉल्कहॉफ नावाच्या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा फोटो काढला. तोंडात काचेची पट्टी धरून २५ मिनिटं पडून राहिला. पंचवीस मिनिटं! आपल्याकडे पेशंट दहा सेकंद तोंड उघडं ठेवायला कुरकुरतो.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला एडमंड केल्स नावाचा दंतवैद्य होता. तोंडातली फिल्म स्वतःच्या बोटांनी धरायचा, यंत्र स्वतःच्या हातावर तपासून बघायचा. बोटांना कॅन्सर झाला. एकेक बोट, मग हात कापावा लागला. १९२८ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. आम्हाला ट्रेनिंगला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पेशंटच्या तोंडातली फिल्म तुम्ही धरायची नाही. कधीच नाही.

धुळेकर_पुण्यात
मग शिशाचा तो एप्रन का देत नाहीत? माझ्या दातांच्या डॉक्टरने मला दिला नाही. विचारलं तर म्हणाला आता लागत नाही. हे पैसे वाचवणं नाही तर काय?

बत्तीशी
धुळेकर, यावेळी तो डॉक्टर बरोबर असू शकतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये सांगितलं की दातांच्या एक्स-रेला एप्रन आणि गळपट्टा नेहमी घालायची गरज नाही. कारण आता झोत अरुंद असतो, पोटाकडे जातच नाही. उलट गळपट्टा कधी फोटोत आडवा येतो आणि परत काढावा लागतो. मी अजून घालतो. माझ्याकडे येणाऱ्या बायाबापड्यांना तो अंगावर पडला की धीर येतो, आणि मला समजावत बसायला वेळ नसतो.

तापीकाठची
एप्रनवरून माझी गोष्ट. आखाजीला माहेरी अमळनेरला आलेले, पाचवा महिना. झोक्यावर बसलेली आणि अक्कलदाढेने जीव घेतला. घरात सभा भरली. आई म्हणते लवंग धर, काकू म्हणते फोटो काढू नको, बाळाला लागेल, वहिनी म्हणते गोळी घे. गोळीला पण भीती! तीन रात्री रडून काढल्या. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं की गरज असेल तर गरोदरपणात दाताचा फोटो काढता येतो, झोत तोंडावर, पोटापासून लांब. न बघता पू साचू देणं जास्त वाईट. एक फोटो काढला, मधल्या महिन्यांतच उपचार उरकले. मुलगी आता सहा वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा जास्त बोलते.

फक्त एक सांगते, गरोदर आहात हे डॉक्टरांना आधी सांगा. लपवू नका.

चौकस
सगळं छान, पण गिरणाकाठचा तिसरा प्रश्न कोणीच घेतला नाही. फोटो कोणाचा?

वैद्यकीय डॉक्टरांसाठी २००२ ची आचारसंहिता आहे, त्यात पेशंटने कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावीत असं लिहिलंय. दंतवैद्यांची नियामक संस्था वेगळी, त्यामुळे काउंटरवर कलमं वाचून दाखवण्यात अर्थ नाही. पण पद्धत तीच. मूळ नोंद दवाखान्याकडे राहते, प्रत पेशंटला मिळायला हवी. तोंडी मागू नका. कागदावर दोन ओळी: नाव, तारीख, अमुक दिवशी काढलेल्या तीन आरव्हीजींच्या डिजिटल प्रती द्याव्यात. पोच घ्या. निम्म्या वेळा कागद बघूनच काम होतं.

बत्तीशी
चौकस यांना अनुमोदन. आमच्या बाजूने एवढंच की बरेचदा नकार दुष्टपणाचा नसतो. काउंटरवरच्या मुलीला त्या सॉफ्टवेअरमधून फाइल बाहेर कशी काढायची तेच माहीत नसतं. थेट डॉक्टरांशी बोला.

अजून एक. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू देऊ नका, तो दाबून लहान होतो आणि मुळाच्या टोकाचा बारीक काळा डाग पुसला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, किंवा ईमेल. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो तर नकोच. त्यात अर्धा ट्यूबलाइट असतो.

आणि तेवढ्यात कुतूहल म्हणून. हे जे आपण सगळे आरव्हीजी आरव्हीजी म्हणतो ते मुळात एका फ्रेंच कंपनीच्या यंत्राचं नाव. फ्रान्सिस मुयां यांचं संशोधन, १९८७ च्या सुमाराचं. वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो तसं झालंय.

मास्तर_पारोळा
मुळाच्या टोकाचा डाग म्हणालात. मला नेहमी प्रश्न पडतो, फोटोत दिसलं नाही म्हणजे नाही असं धरायचं का?

बत्तीशी
नाही! मास्तर, हा खरा प्रश्न. फोटो सपाट असतो. दाढेला तीन मुळं असली तरी ती एकावर एक छापली जातात. हाडातली खनिजं बऱ्यापैकी गेल्याशिवाय, तीसेक टक्के तरी, काळं दिसायला लागत नाही. म्हणजे दुखणं आधी, फोटोत नंतर. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेत तर गालाकडच्या पुढच्या मुळात बरेचदा दोन नळ्या असतात. दुसरी अगदी केसासारखी, पहिलीच्या मागे लपते. समोरून कितीही फोटो काढा, दिसत नाही. नळकांडं थोडं तिरकं धरून काढला तर दोन्ही वेगळ्या होतात.

@गिरणाकाठ, तुमच्या आईंची वरची डावीकडची मोठी दाढ म्हणालात ना? नस काढून दोन वर्षं, आणि परत दुखणं? न बघता निदान करणार नाही. पण जळगावच्या डॉक्टरांना हे नक्की विचारा.

धुळेकर_पुण्यात
म्हणजे अजून एक फोटो! बघा, मी म्हणालो नव्हतो?

बत्तीशी
हो, अजून एक. पण या वेळी कशासाठी ते माहीत असलेला.

केळीवाला_रावेर
धुळेकर, पन्नास केळी वाढवा.

गिरणाकाठ
उशिरा येतोय, माफ करा. कापसाची वेचणी चालू होती.

चौकस, तुमचा कागद कामाला आला. वहीच्या पानावर लिहून घेऊन गेलो. काउंटरवर तेच उत्तर. मग डॉक्टरांना भेटायचं म्हणून बसून राहिलो. ते बाहेर आले, कागद वाचला, आणि म्हणाले, "द्यायला काय हरकत आहे, कोण नाही म्हणालं?" दहा मिनिटांत ईमेल. रागाने गेलो होतो, तो सगळा राग फुकट गेला.

जळगावच्या डॉक्टरांनी तिन्ही बघितले. पहिलाच, ज्याला 'टोक कापलं' म्हटलं होतं, त्यात नको ते टोक कापलं होतं, हवं ते होतं. दुसरा आणि तिसरा गरजेचे नव्हते असं त्यांनी म्हटलं नाही, पण भुवई वर गेली. मग मी बत्तीशी डॉक्टरांचा प्रश्न विचारला. ते माझ्याकडे बघायलाच लागले, म्हणाले तुम्ही काय करता? मी म्हणालो शेती. त्यांनी नळकांडं तिरकं करून एक फोटो काढला. त्यात मुळाच्या पांढऱ्या रेघेच्या बाजूला एक काळी बारीक रेघ. न भरलेली नळी. मग खात्रीसाठी तेवढ्याच दाढेचा छोटा सीबीसीटी केला. तो जरा महाग पडला. नळी आहेच.

दाढ काढायची नाही. कॅपला भोक पाडून तीच नस परत साफ करायची. पहिलं सिटिंग झालं. ठणका कमी आहे, पण बट्टी अजून बंद आहे. वरणात कुस्करून खाते, आणि कुस्करताना मला शिव्या घालते.

बत्तीशी
वा! आईंना सांगा दुसऱ्या सिटिंगला सकाळी पोटभर खाऊन जा. आणि भरून झाल्यावरचा शेवटचा फोटो मागून घ्या. सहा महिन्यांनी, वर्षाने परत तुलना करायला तोच लागतो.

सातपुडा
गिरणाकाठ दादा, ऐकून बरं वाटलं. इकडे बारा काड्या.

डार्करूम
बारा! शाब्बास.

खापरावरची
गिरणाकाठ, फोटो आता कुठे ठेवलाय ते सांगा. परत दवाखान्याच्या कंप्युटरमध्ये नको राहायला.

गिरणाकाठ
माझ्या ईमेलवर, बहिणीच्या फोनवर आणि आईच्या फोनवर. आईने तो सगळ्या गल्लीला दाखवून झाला. भाजी घ्यायला गेली तरी बोट ठेवून सांगते, "हाऊ मना दात. ती काळी रेघ दिसनी का? दोन वरीस तीच दुखे." भाजीवाली म्हणे तिच्या दाढेचा पण काढून दे. ती धुळ्याची आहे, तर धुळ्याच्या डेंटल कॉलेजला जा म्हणून सांगितलंय.

केळीवाला_रावेर
डीपी ठेवा भो आता, दाढेचा.

गिरणाकाठ
ठेवलाय. कालपासून.